एनएफएल ड्राफ्टचा अंदाज कसा बांधावा: एका संघाची निवड ओळखण्याची रीत

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची सर्वांत मोठी व्यावसायिक स्पर्धा आहे. तिच्यातील बत्तीस संघ दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस महाविद्यालयीन खेळाडूंमधून आपले नवे खेळाडू निवडतात. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात, आणि कोणता संघ कोणाला घेईल याचा आधीच मांडलेला अंदाज म्हणजे मॉक ड्राफ्ट. नवखा माणूस असा अंदाज बांधायला बसला की प्रथम खेळाडूंच्या चित्रफिती पाहू लागतो आणि त्यांतील आवडलेला खेळाडू आपल्या संघाच्या नावापुढे लिहून मोकळा होतो. माझ्या मते ही सुरुवातच उलटी आहे. खेळाडू शेकडो असतात. निवडणारा जनरल मॅनेजर एक असतो, त्याच्या सवयी ठरलेल्या असतात आणि त्या जुन्या निवडींमधून नोंदवता येतात. म्हणून अभ्यास निवडणाऱ्याचा करावा आणि तोही एकाच संघाचा करावा. या लेखात उदाहरणासाठी डेट्रॉइट लायन्स हा संघ घेतला आहे, कारण त्याच्या गेल्या काही वर्षांच्या निवडींनी अंदाज बांधणाऱ्यांना चांगलेच तोंडघशी पाडले आहे.

आधी चौकट समजून घ्यावी

ड्राफ्ट तीन दिवस चालतो आणि त्यात सात फेऱ्या असतात: गुरुवारी पहिली, शुक्रवारी दुसरी व तिसरी आणि शनिवारी उरलेल्या चार. भारतातून पाहणाऱ्यांसाठी पहिली फेरी शुक्रवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होते. आदल्या हंगामात बाद फेरी न गाठलेल्या अठरा संघांना पहिले अठरा क्रमांक मिळतात आणि त्यांतही सर्वांत वाईट कामगिरीचा संघ सर्वांत आधी निवडतो. विजेत्या संघाचा क्रमांक बत्तिसावा असतो. मात्र क्रमांकांची देवाणघेवाण करता येते, त्यामुळे छापील क्रमावर प्रत्यक्षात फार विसंबू नये. महाविद्यालयात शिरण्यापूर्वीचे शालेय शिक्षण संपून तीन वर्षे झालेला खेळाडूच निवडीस पात्र ठरतो.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकाने एक फरक मनात पक्का करावा. लिलावात हवा तो खेळाडू जास्त पैसे लावून घेता येतो. ड्राफ्टमध्ये बोली लागत नाही. तुमच्या क्रमांकाआधी खेळाडू गेला तर तो गेला, आणि तो हवाच असेल तर दुसऱ्या संघाला आपले क्रमांक देऊन वर सरकावे लागते. म्हणून ‘या संघाला कोण हवा आहे’ या प्रश्नाचे उत्तर अर्धेच असते. ‘या क्रमांकापर्यंत कोण उरलेला असेल’ हा उरलेला अर्धा प्रश्न आहे.

संघाची गरज मोजताना पुढच्या वर्षाकडे पाहावे

एक कोरे पान घेऊन संघाच्या प्रत्येक जागेपुढे पहिला आणि दुसरा खेळाडू, त्यांची वये आणि करार संपण्याचे वर्ष लिहावे. ही माहिती सर्वत्र सहज मिळते. मार्चच्या मध्यावर फ्री एजन्सी सुरू होते, म्हणजे करार संपलेले खेळाडू नव्या संघाशी बांधले जातात; ती पहिली लाट ओसरेपर्यंत हे पान पूर्ण झाले असे समजू नये. फेब्रुवारीत प्रसिद्ध होणारे मॉक ड्राफ्ट मी वाचत नाही, कारण त्यांतील निम्म्या गरजा मार्चमध्ये पैसे देऊन भागवल्या जातात.

पुढची गोष्ट नवख्यांना पटायला वेळ लागतो. आज रिकामी दिसणारी जागा ही सर्वांत मोठी गरज असतेच असे नाही. वर्ष-दोन वर्षांनी रिकामी होणारी जागा अनेकदा जास्त महत्त्वाची असते. २०२० साली ग्रीन बे पॅकर्सकडे ॲरन रॉजर्ससारखा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू होता. तो तेव्हा ३६ वर्षांचा होता. चाहत्यांना त्याच्या मदतीसाठी वाइड रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू हवा होता. संघाने तिसाव्यावरून सव्विसाव्या क्रमांकावर सरकून जॉर्डन लव्ह हा दुसरा क्वार्टरबॅक घेतला. खळबळ उडाली, पण जुन्या नोंदी पाहणाऱ्याला त्यात तेवढे नवल नव्हते. याच संघाने २००५ मध्ये ब्रेट फार्व्ह खेळत असताना चोविसाव्या क्रमांकावर स्वतः रॉजर्सला घेतले होते. शिवाय २००२ नंतर त्यांनी पहिल्या फेरीत एकही वाइड रिसीव्हर घेतलेला नव्हता आणि पुढेही २०२५ मध्ये मॅथ्यू गोल्डनची निवड होईपर्यंत घेतला नाही. इतक्या वर्षांची सवय समोर असताना दर एप्रिलला पॅकर्सच्या नावापुढे वाइड रिसीव्हर लिहिणाऱ्यांना काय म्हणावे?

काही वेळा मात्र गरज जशी दिसते तशीच असते. लायन्सचा गार्ड, म्हणजे आक्रमणफळीत मध्याजवळ उभा राहून बचावपटूंना अडवणारा खेळाडू, केविन झाइटलर २०२५ च्या मार्चमध्ये दुसऱ्या संघात गेला आणि एप्रिलमध्ये त्यांनी दुसऱ्या फेरीत टेट रॅटलेज हा गार्ड घेतला. बचावफळीच्या मध्यभागी खेळणारा ॲलिम मॅकनील २०२४ च्या डिसेंबरमध्ये गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर पडला होता. पहिल्या फेरीत अठ्ठाविसाव्या क्रमांकावर त्याच जागेचा टायलिक विल्यम्स आला. दुखापत हंगामाच्या अखेरीस झाली असेल तर खेळाडू पुढच्या हंगामाची सुरुवातही गमावतो, हे गरजेच्या पानावर वेगळ्या रंगाने लिहावे.

जागेची किंमत आणि तिला न जुमानणारे

२०११ पासून नव्या खेळाडूंचे पगार निवडीच्या क्रमांकावरून जवळजवळ ठरलेले असतात. २०१० चा पहिला खेळाडू सॅम ब्रॅडफर्ड याला सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला. वर्षभरानंतर नवे नियम आले आणि पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा करार सुमारे २.२ कोटींचा झाला. करार चार वर्षांचा असतो आणि पहिल्या फेरीतील खेळाडूला पाचव्या वर्षीही ठेवून घेण्याचा पर्याय संघाकडे असतो. प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा असल्यामुळे स्वस्तातला चांगला खेळाडू म्हणजे दुसऱ्या कोणासाठी वाचलेले पैसे. ही बचत कोणत्या जागेवर सर्वाधिक होते ते पाहावे. २०२३ च्या एप्रिलमध्ये, नेमक्या पहिल्या फेरीच्या दिवशी, लमार जॅक्सन या क्वार्टरबॅकचा पाच वर्षांचा २६ कोटी डॉलरचा करार जाहीर झाला, म्हणजे वर्षाला ५.२ कोटी. त्याच वेळी सर्वांत महागड्या रनिंग बॅकला, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला, वर्षाला सुमारे १.६ कोटी मिळत होते. म्हणून क्वार्टरबॅक, त्याचे रक्षण करणारा टॅकल, त्याच्यावर बाहेरून तुटून पडणारा एज रशर, वाइड रिसीव्हर आणि त्याला अडवणारा कॉर्नरबॅक हे लवकर निवडले जातात, आणि रनिंग बॅक, बचावफळीच्या मागे मध्यभागी उभा राहणारा लाइनबॅकर, अडवणे आणि झेलणे दोन्ही करणारा टाइट एंड, बचावात सर्वांत मागे असणारा सेफ्टी हे मागे राहतात. २०२२ आणि २०२४ या दोन्ही वर्षी पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक गेला नाही.

आता लायन्सचे २०२३ पाहू. आदल्या हंगामात प्रतिस्पर्ध्यांना सर्वाधिक यार्ड पुढे सरकू देणारा बचाव त्यांचाच होता. त्यांच्याकडे सहावा आणि अठरावा असे पहिल्या फेरीचे दोन क्रमांक होते. बहुतेकांनी तिथे कॉर्नरबॅक किंवा बचावफळीचा खेळाडू लिहिला होता. संघ सहाव्यावरून बाराव्यावर उतरला आणि त्याने जमीर गिब्ज हा रनिंग बॅक घेतला. तेही मार्चमध्ये डेव्हिड माँटगोमरी या रनिंग बॅकशी तीन वर्षांचा १.८ कोटींचा करार केलेला असताना. अठराव्या क्रमांकावर लाइनबॅकर जॅक कॅम्पबेल, चौतिसाव्यावर टाइट एंड सॅम लापोर्टा आणि पंचेचाळिसाव्यावर बचावात अनेक जागी खेळू शकणारा ब्रायन ब्रँच आला. जागेच्या किमतीचे गणित मांडणाऱ्यांनी त्या रात्री टीकेची झोड उठवली. त्या हंगामात संघ १२ सामने जिंकून सुपर बोलच्या, म्हणजे अंतिम सामन्याच्या, एक पायरी खालपर्यंत पोहोचला, हा भाग वेगळा. आपल्याला निवड बरोबर की चूक हे ठरवायचे नसून ती आधी ओळखता आली असती का, एवढेच पाहायचे आहे.

निवडणाऱ्याची वही

माझे उत्तर असे की नावे ओळखता आली नसती, पण दिशा ओळखता आली असती. या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा. जनरल मॅनेजरने आतापर्यंत पहिल्या तीन फेऱ्यांत घेतलेला प्रत्येक खेळाडू एका ओळीत लिहावा: जागा, वय, महाविद्यालय, उंची-वजन, धावण्याची वेळ, दुखापतीचा इतिहास, आणि त्यासाठी संघ वर सरकला की खाली उतरला. प्रशिक्षक बदलला असेल तर तिथे आडवी रेघ मारावी. जनरल मॅनेजर बदलला असेल तर आधीचे सगळे पान बाजूला ठेवावे. संघाच्या नावाने सवयी शोधणे ही फार मोठी दिशाभूल असते, कारण पंधरा वर्षांपूर्वीच्या निवडी करणारी माणसे आज त्या इमारतीत नसतात. पॅकर्ससारखे संघ अपवाद आहेत, कारण तिथे वारसा आतल्या आत चालत येतो.

लायन्सचे ब्रॅड होम्स २०२१ च्या जानेवारीत जनरल मॅनेजर झाले. त्याआधी ते लॉस एंजेलिस रॅम्सचे महाविद्यालयीन स्काउटिंगचे, म्हणजे खेळाडू हेरण्याच्या कामाचे प्रमुख होते. त्यांच्या निवडी अशा ओळीत मांडल्या की तीन गोष्टी उठून दिसतात. पहिली, दुखापतीचे भय नाही. २०२२ मध्ये बत्तिसाव्यावरून बाराव्यावर सरकून त्यांनी जेमसन विल्यम्सला घेतले, त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट त्याच वर्षी जानेवारीत फाटलेला होता. २०२३ मध्ये तिसऱ्या फेरीत घेतलेला क्वार्टरबॅक हेंडन हूकर याचीही तीच कथा होती. दुसरी, मनात भरलेल्या खेळाडूसाठी ते वर सरकतात आणि किमतीवर फारशी घासाघीस करत नाहीत. विल्यम्स, ब्रँच, २०२४ चा टेरियन आर्नल्ड हे सगळे वर सरकून घेतलेले आहेत, आणि २०२५ मध्ये तर आयझॅक टेस्ला या वाइड रिसीव्हरसाठी त्यांनी पुढच्या वर्षाचे तिसऱ्या फेरीचे दोन क्रमांक देऊन टाकले. तिसरी, मोठ्या सामन्यांत मुरलेल्या महाविद्यालयांकडे ओढा. विल्यम्स, गिब्ज, ब्रँच आणि आर्नल्ड हे चौघेही अलाबामा विद्यापीठाचे. जॅक कॅम्पबेल आणि लापोर्टा हे दोघे आयोवाचे.

या तीन ओळी २०२३ च्या एप्रिलमध्ये पूर्ण लिहिलेल्या नव्हत्या, हे खरे आहे. पण सवय नोंदवताना उलट पुरावाही नोंदवावा, नाहीतर वहीत फक्त आपल्याला आवडलेली गोष्ट उरते. २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून, म्हणजे कॅनडातून, चौथ्या फेरीत घेतलेला जिओव्हानी मानू हा तिसऱ्या सवयीत बसत नाही; तो तिथे लिहूनच ठेवायचा.

दुसऱ्या एका संघाचे उदाहरण याहून स्वच्छ आहे. २०२२ मध्ये पहिला क्रमांक जॅक्सनव्हिल जॅग्वार्सकडे होता. मिशिगनच्या एडन हचिन्सनने आदल्या हंगामात क्वार्टरबॅकला चौदा वेळा पाडले होते, जॉर्जियाच्या ट्रॅव्हॉन वॉकरने सहा वेळा. पण तेव्हाचे जनरल मॅनेजर ट्रेंट बाल्की हे लांब हातांचे आणि विलक्षण शारीरिक क्षमतेचे खेळाडू पसंत करतात, हे सॅन फ्रान्सिस्कोतील त्यांच्या कारकिर्दीपासून माहीत होते. वॉकरचे हात साडेपस्तीस इंच होते. जॅग्वार्सनी वॉकरला घेतले आणि हचिन्सन दुसऱ्या क्रमांकावर लायन्सना मिळाला. आकड्यांच्या स्तंभाऐवजी माणसाच्या सवयीवर भिस्त ठेवणाऱ्याचे पहिले दोन्ही अंदाज बरोबर आले असतील.

त्या वर्षीचा पुरवठा

खेळाडूंकडे वळायचे ते इथे. अनेक जाणकारांच्या क्रमवाऱ्या एकत्र करून केलेल्या सरासरी यादीला बिग बोर्ड म्हणतात. स्वतःची यादी बनवण्यापेक्षा नवख्याने अशी सरासरी यादी घ्यावी आणि प्रत्येक जागेच्या खेळाडूंचे गट पाडावेत. एका गटात चार टॅकल असतील आणि पुढचा गट बराच खाली असेल, तर त्या चौघांवर उडी पडते. एखाद्या जागी तिसऱ्या फेरीपर्यंत सारख्याच तोडीचे दहा खेळाडू असतील, तर संघ त्या जागेसाठी थांबतो.

वर्षावर्षांत किती फरक पडतो पाहा. २०२२ मध्ये पहिल्या फेरीत फक्त केनी पिकेट हा एक क्वार्टरबॅक गेला, तोही विसाव्या क्रमांकावर. २०२४ मध्ये पहिल्या बारांतच सहा क्वार्टरबॅक गेले आणि पहिले चौदा खेळाडू आक्रमणाचेच होते. त्याचा अर्थ बचावाचे सगळे उत्तम खेळाडू खाली घसरले. कॉर्नरबॅक आर्नल्ड चोविसाव्या क्रमांकापर्यंत उरला तो यामुळेच, आणि लायन्सनी एकोणतिसाव्यावरून वर येऊन त्याला घेतले. लायन्सवर अंदाज बांधणाऱ्याला त्या वर्षी लायन्सपेक्षा वरच्या संघांच्या क्वार्टरबॅकच्या तहानेचा अभ्यास जास्त उपयोगी पडला असता.

मोजमापे आणि अफवा

फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिसमध्ये कम्बाइन भरते. तिथे चाळीस यार्डांची धाव, उड्या, वजन उचलणे आणि वैद्यकीय तपासणी होते. २०२४ मध्ये झेव्हियर वर्दीने ४.२१ सेकंदांची विक्रमी धाव घेतली आणि कॅन्सस सिटी चीफ्सने पहिल्या फेरीत वर सरकून त्याला घेतले. मोजमापे मात्र वगळण्यासाठी वापरावीत. एखाद्या जनरल मॅनेजरने पाच वर्षांत ठरावीक वजनाखालचा टॅकल घेतलाच नसेल, तर हलका टॅकल यादीतून काढावा. वेगवान धावला म्हणून कोणाला यादीत चढवू नये.

प्रत्येक संघ तीस खेळाडूंना आपल्या केंद्रावर भेटीसाठी बोलावू शकतो, आणि त्या भेटींच्या बातम्या फुटतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीच्या खेळाडूंच्या बाबतीत या भेटी बऱ्याच बोलक्या असतात, कारण त्यांच्याविषयी खोटा आव आणण्याची कोणाला गरज नसते. पहिल्या दहांतील नावांच्या बाबतीत एप्रिलमध्ये ‘सूत्रांकडून’ आलेली बातमी कोणाच्या फायद्याची आहे हे आधी पाहावे: खेळाडूच्या एजंटच्या, की खाली उतरायला गिऱ्हाईक शोधणाऱ्या संघाच्या? २०२४ मध्ये अटलांटा फाल्कन्सनी मार्चमध्ये कर्क कझिन्सशी १० कोटी डॉलरच्या हमीचा करार केला आणि एप्रिलमध्ये आठव्या क्रमांकावर मायकल पेनिक्स हा क्वार्टरबॅक घेतला. हे गुपित शेवटपर्यंत टिकले. उलट २०२५ मध्ये महिनोन्महिने पहिल्या फेरीत लिहिला जाणारा शेड्यूर सँडर्स पाचव्या फेरीत १४४ व्या क्रमांकापर्यंत खाली आला.

क्रमांकांचा हिशेब

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात क्रमांकांना गुण देणारा तक्ता तयार झाला. पहिल्या क्रमांकाला ३००० गुण, दहाव्याला १३००, सोळाव्याला १०००. आज संघांकडे स्वतःचे सुधारित तक्ते असतात, पण नवख्याला हा पुरतो. लायन्सचा २०२३ चा व्यवहार ताडून पाहा: त्यांनी सहावा (१६००) आणि एक्क्याऐंशीवा (१८५) क्रमांक ॲरिझोनाच्या संघाला दिला, आणि बारावा (१२००), चौतिसावा (५६०) व १६८ वा घेतला. एकीकडे १७८५, दुसरीकडे १७६० आणि वर पाचव्या फेरीतला किरकोळ भर. क्वार्टरबॅकसाठी वर येणारा मात्र तक्त्यापलीकडे जायला तयार असतो. २०१७ मध्ये चीफ्स सत्ताविसाव्या (६८०) क्रमांकावरून दहाव्यावर (१३००) आले तेव्हा त्यांनी ९१ वा क्रमांक (१३६) आणि वर पुढच्या वर्षाची पहिली फेरी दिली. आलेला खेळाडू पॅट्रिक महोम्स होता.

आपला संघ सरकेल असे वाटत असेल तर जोडीदार कोण, आणि त्याला बदल्यात काय हवे, हे दोन्ही लिहावे. नुसते ‘ट्रेड अप’ लिहिणे हा अंदाज ठरत नाही.

अंदाज कागदावर कसा उतरवावा

एका क्रमांकासमोर एकच नाव लिहू नये. पाच नावे लिहून प्रत्येकापुढे शक्यता टक्क्यांत लिहावी आणि ‘यांपैकी कोणीही नाही’ यासाठीही एक वाटा ठेवावा. माझा तो वाटा पहिल्या फेरीच्या मध्यावरच्या संघासाठी तिसाच्या खाली क्वचितच येतो. नावांखाली जागेचा वेगळा अंदाज लिहावा: एज रशर चाळीस टक्के, गार्ड वीस टक्के, असा. जागा बरोबर आली आणि नाव चुकले, तर गरजेचे पान ठीक होते आणि पुरवठ्याचे चुकले. जागाच चुकली, तर निवडणाऱ्याच्या वहीकडे परत जावे. बुधवारी रात्रीनंतर त्यात काही बदलू नये, नाहीतर शेवटच्या तासातल्या अफवा महिनाभराच्या कामावर पाणी फिरवतात. दुसऱ्या दिवसाचा अंदाज पहिली फेरी संपल्यावर नव्याने करावा, कारण कोण उरले आहे हे तेव्हाच कळते.

पहिल्या फेरीत संघ आणि खेळाडू दोन्ही जुळण्याचे प्रमाण व्यावसायिक अंदाजकारांचेही निम्म्याच्या बरेच खाली असते, त्यामुळे स्वतःला गुण देताना हात सैल ठेवायला हरकत नाही: खेळाडू पहिल्या फेरीत गेला तर एक, योग्य संघाकडे गेला तर आणखी दोन. शनिवारी सातवी फेरी संपली की जनरल मॅनेजरच्या वहीत त्या वर्षाच्या ओळी लगेच भराव्यात आणि पत्रकार परिषदेत त्याने दिलेले कारण शेजारी नोंदवावे. त्यानंतर मेच्या सुरुवातीला, तिसरा हंगाम पूर्ण केलेल्या पहिल्या फेरीच्या खेळाडूंबाबत संघांना पाचव्या वर्षाचा पर्याय वापरायचा की नाही हे ठरवावे लागते. ज्याचा पर्याय नाकारला गेला, त्याची जागा पुढच्या वर्षीच्या गरजेच्या कोऱ्या पानावर पहिल्या ओळीत लिहावी.